निंबखेड्याच्या परसातली बोलणी

निंबखेडे हे भीमेपासून दोन कोसांवर, काळ्या जमिनीत बसलेले गाव. पौष महिन्यात तिथे मुक्कामाला गेलेला पाहुणा पहिल्या सकाळी हमखास दचकून उठतो. दिवस उजाडतो न उजाडतो तोच गावात एकच कालवा सुरू होतो. घराघरामागून बायका, म्हातारे, एखादा गडीमाणूससुद्धा तोंडाला येईल ते बोलत असतात. 'आलासा का मुडद्यांनो', 'काल सांजंला कुटं उलथला हुतासा', 'गिळा आता, बघताय काय माझ्या तोंडाकडं'. पाहुण्याला वाटते भावकीत भांडण जुंपले. तो सोडवायला म्हणून परसात धावतो, तर तिथे छातीइतक्या उंच लिंबाच्या खांबावर जात्याचा खालचा दगड बसवलेला असतो, दगडावर ओंजळभर जोंधळा असतो आणि त्याभोवती चिमण्या, होले, साळुंक्या, भोरड्या यांची झुंबड असते. घरची बाई कमरेवर हात ठेवून त्यांना फैलावर घेत असते आणि पाखरे निवांत टिपत असतात.

ही रीत काय म्हणून, असे पाहुणे विचारतात. त्यांना गावातले गेनबा आप्पा उत्तर देतात, आणि आप्पांचा स्वभाव मुळातच तिरसट. पाखरांना असे बोलणे बरे नव्हे, असे कुणी म्हणाले की त्यांचे डोके फिरते. मागे एका पाहुण्याने शहरातून हिरवे प्लास्टिकचे लटकते भांडे आणले, त्यात बाजारचे रंगीत दाणे भरले, मोबाइलवर पाखरांचे गोड आवाज लावले आणि दोन दिवस खुर्ची टाकून बसला. एक चिमणी फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी वैतागून तो भांड्यावरच ओरडला, तेव्हा कुठे चार साळुंक्या उतरल्या. आप्पा हे सांगतात आणि हसत नाहीत. मग शिवाराकडे बोट करून म्हणतात, त्या जोंधळ्यात कुठे माळा दिसतो का बघा, बुजगावणे दिसते का बघा, कुणाच्या हातात गोफण आहे का बघा. नाही दिसणार. का नाही, ते ऐकायचे असेल तर खाली बसा.

फार पूर्वी या गावात ठकूबाई नावाची राखणदारीण होती, असे सांगतात. जोंधळा दुधात आला, कणसात दाणा भरू लागला, की पाखरे तुटून पडतात. विशेषतः भोरड्या. त्यांचा थवा शेतावर उतरला तर अर्ध्या दिवसात नुसती पिशी, म्हणजे दाणे टिपलेले रिकामे कणीस, उरते. म्हणून लोक रानात चार खांबांवर माळा बांधतात आणि त्यावर उभे राहून दिवसभर गोफण फिरवतात, ओरडतात. निंबखेड्यात मात्र साऱ्या शिवाराला मिळून एकच माळा होता आणि त्यावर एकटी ठकूबाई. तिला गोफणीची फारशी गरज पडत नसे. तिचा आवाजच तसा होता. ती पूर्वेकडे तोंड करून एकदा कडाडली की पश्चिमेच्या बांधावरचा थवासुद्धा उठून शेजारच्या गावाच्या हद्दीत जायचा, आणि त्या गावचे लोक तिच्या नावाने बोटे मोडायचे. वीस वर्षे तिने असे शिवार राखले. प्रत्येक घर सुगीला तिच्या पदरात सुपाने जोंधळा घाली, आणि घालताना कुणी हात आखडला तर तो आवाज त्या घरालाही ऐकू येई.

तिचा नवरा सिदू जातीचा पाथरवट. गावोगाव फिरून जात्यांना टाकी लावायचा. दळून दळून जात्याचा दगड गुळगुळीत झाला की पाथरवट छिन्नीने त्याला पुन्हा खरखरीत करतो, त्याला टाकी लावणे म्हणतात. टाकी लावल्यावर पहिले दळण कामाला येत नाही, त्यात दगडाची कचकच येते. बायका ते टाकून देतात. सिदू ते टाकू द्यायचा नाही. धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणायचा आणि परसात, एका तडकलेल्या जात्याचा दगड खांबावर बसवला होता त्यावर पसरायचा. मग समोर चिलीम ओढत बसायचा. पाखरे यायची. भरड खायची, कचकचही खायची. सिदूला त्यात काय सुख वाटे कोण जाणे.

ठकूबाईच्या तळपायाची आग मस्तकात जाई. दिवसभर घसा फोडून ज्या भोरड्या हुसकल्या, त्याच संध्याकाळी आपल्या परसात जेवायला बसलेल्या. एकीची शेपटी अर्धी तुटलेली होती. ती तर तिला ओळखूच येई. सकाळी माळ्यावरून हिलाच धोंडा मारला, आणि आता ही नवऱ्याच्या पायाशी उड्या मारतेय. ती म्हणे, गाव मला दाणे देते ते पाखरे हाकलायला, आणि माझा माणूस त्यांना आवतण देतो. लोक मला काय म्हणतील. सिदू चिलीम बाजूला ठेवून हसायचा आणि म्हणायचा, तुझा आवाज ऐकून माझा घास घशात अडकतो, ती तर एवढीशी पाखरं. यावर ती आणखी बोले, आणि तो आणखी हसे. पंचवीस वर्षे संसार असाच चालला होता. सूनही याच घरात आली. तिचे नाव बायजा. ती इतकी मवाळ, की तिला विहिरीवरून कुणाला हाक मारायची झाली तर जवळ जाऊन मारावी लागे. मुलगा लांबच्या खाणीवर दगड काढायचा, सणावाराला घरी यायचा.

पाथरवटाच्या छातीत दगडाची पूड बसते. सिदूच्याही बसली. एका भाद्रपदात त्याला खोकला लागला तो सुटला नाही, आणि आश्विनात तो अंथरुणाला खिळला. ठकूबाईने काढे केले, शेक दिला, देवाला कौल लावला आणि येता-जाता त्याला बोलणी दिली, की तोंडाला फडके बांधून टाकी लावा म्हणून किती वर्षे सांगत होते. त्याला बोलायला श्वास पुरत नव्हता. एका सकाळी त्याने तिला जवळ बसवले आणि परसाकडे हात केला.

"माझ्या मागं त्येंना दाणा घाल. एक दिस बी चुकवू नगंस."

ठकूबाईला त्याचा असा राग आला, की हातातले फडके तिने भिंतीवर फेकले. मरायला टेकलेला माणूस. बायकोची काळजी नाही, मुलाची नाही, पाखरांची. पण नाही म्हणणार कशी?

"घालते. पर ग्वाड बोलायला सांगू नका. त्ये मला जमायचं न्हाई."

"तू काय बी बोल," सिदू म्हणाला, "दाणा तेवढा घाल."

चौथ्या दिवशी तो गेला. दिवस घालून झाल्यावर ठकूबाईने घरातल्या कणगीतून ओंजळभर जोंधळा काढला आणि परसात जाऊन दगडावर टाकला. टाकीची भरड आणणारा आता कोणी नव्हता. स्वतःच्या तोंडचा दाणा घालायचा होता. पाखरे आली तशी तिने तोंड सोडले. हावरटांनो, आयतखाऊंनो, तुमच्या नादाने माणूस वाया गेला. त्याला खोकला झाला तेव्हा एक तरी फिरकलात का. फडके बांधा म्हणून सांगितले तर ऐकले का. मला एकटीला ठेवून जाताना काही वाटले का. बोलता बोलता ती पाखरांना बोलते आहे की आणखी कुणाला, हे तिचे तिलाच कळेना. कुडापलीकडे शेजारीण भाकरी थापायची थांबली आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, आणि ठकूबाईचे तर निम्मे भांडण अजून शिल्लक होते. ते ती रोज सकाळी परसात भांडू लागली.

आश्विन गेला, कार्तिक गेला, मार्गशीर्षही संपला. एक दिवस चुकला नाही. पाखरे सुरुवातीला तिच्या आवाजाने बिचकत होती. पुढे त्यांना कळले, की हा आवाज आला की दगडावर दाणा असतो. मग ती आवाज निघायची वाट बघत वळचणीला बसू लागली.

पौष लागला. जोंधळा दुधात आला. ठकूबाई नेहमीप्रमाणे माळ्यावर चढली, पदर खोचला आणि पूर्वेकडे तोंड करून कडाडली. शिवारातून भोरड्यांचा थवा उठला. गावाने मान डोलावली. पण थवा वळला, आणि सरळ तिच्याकडेच आला, असे सांगतात. माळ्याच्या काठ्यांवर, कुडावर, भोवतालच्या कणसांवर पाखरेच पाखरे. तिने पुन्हा आवाज दिला तर शेजारच्या गावाच्या हद्दीतूनही थवे येऊ लागले. जितके ती बोले तितकी पाखरे येत. तिने गोफण मारली. गोफणीचा धोंडा दहांना उठवी, आणि तिच्या तोंडून निघालेला एक शब्द शंभरांना बसवी. तीन दिवसांत माळ्याभोवतालच्या जोंधळ्याची नुसती पिशी राहिली.

चौथ्या दिवशी पाटलाने दुसरी माणसे माळ्यावर चढवली. ती माणसे ओरडली, त्यांनी सुपे बडवली. पाखरांनी मान वर करूनही बघितले नाही. वीस वर्षांत त्या शिवारात ठकूबाईखेरीज कुणी ओरडलेच नव्हते, तेव्हा दुसऱ्या माणसाला भ्यायचे असते हे पाखरांना ठाऊक असणार कुठून. पाखरे खात राहिली. त्या वर्षी पाऊस आधीच बेताचा झाला होता, मागचे धान्य कणग्यांच्या तळाला गेले होते. हा जोंधळा गेला असता तर गावाला घरेदारे टाकून कुठेतरी जगायला जावे लागले असते.

संध्याकाळी चावडीवर पाटलाने ठकूबाईला बोलावले. तो म्हणाला, हे सगळे तुझ्या परसातल्या दगडाने केले आहे. दाणे घालणे बंद कर आणि तो दगड फोडून टाक. पाखरे तुझा आवाज विसरली तरच शिवार वाचेल. पाटलाचे बोलणे खोटे नव्हते. हेच तिला सहन होईना. ज्या गावाचा दाणा वीस वर्षे खाल्ला, त्याचे पीक तिच्यामुळे जात होते. आणि दगड फोडावा, तर मरणाऱ्याला दिलेला शब्द मोडत होता. तिला पाटलाचा राग आला, पाखरांचा आला, आणि सगळ्यांत जास्त सिदूचा आला, की स्वतः सुटला आणि मला या खोड्यात अडकवून गेला. ती एवढेच म्हणाली, की उजाडल्यावर दगड राहणार नाही.

दिवस उगवायच्या सुमाराला ती सिदूचा घण घेऊन परसात आली. त्या दिवशी तिने दाणे घातले नव्हते. तिने घण उचलला आणि तिला रडू येण्याऐवजी बोलणे आले. वीस वर्षांत गावाने ऐकले नव्हते असे ती बोलली. सिदूचे नाव घेऊन बोलली, नशिबाला बोल लावून बोलली. पाटील त्या वेळी शिवाराच्या बांधावर उभा होता. त्याने बघितले ते असे, की जोंधळ्यातून पाखरे उठली, या शेतातून, त्या शेतातून, शेवटच्या बांधावरून, आणि सगळीच्या सगळी गावाकडे गेली. शिवारात एक पाखरू उरले नाही. गावात मात्र ठकूबाई घण उचलून तशीच उभी होती, कारण मारायचा तर दगड दिसायला हवा. दगडावर बोट ठेवायला जागा नव्हती. खांबावर, कुडावर, छपरावर, तिच्या खांद्यावरसुद्धा पाखरे बसली होती आणि ती दाण्याची वाट बघत होती.

पाटील धावत आला. धापा टाकत त्याने तिच्या हातातला घण काढून घेतला.

"बोलत ऱ्हा, ठकूबाय," तो म्हणाला, "आन् गप बसू नगंस. दाणं आमी आणतो."

मग घराघरातून सुपे आली. कणग्या तळाला गेल्या होत्या, तरी प्रत्येकाने मूठ-मूठ दिली. ठकूबाई दिवसभर परसात उभी राहून बोलत राहिली आणि शिवार मोकळे राहिले. दुसरा दिवस, तिसरा दिवस. एका परसात एवढी पाखरे मावेनात, तेव्हा लोकांनी आपापली तडकलेली जाती काढून परसात खांबावर चढवली. पण गावच्या बायकांना बोलायला जमेना. त्यांना वाटले, गाव वाचवणारी पाखरे म्हणजे देवच. त्यांनी दगडाला हळदकुंकू वाहिले, हात जोडले आणि 'या गं बायांनो, जेवा' असे हळू आवाजात म्हणू लागल्या. पाखरांनी तिकडे ढुंकूनही पाहिले नाही. ठकूबाईने हे पाहिले आणि तिचा संयम सुटला. घरोघर जाऊन तिने एकेकीला खडसावले, की देवपूजा देवळात करा, इथे तोंड वाजवा. कुणाला काय बोलावे सुचत नव्हते. तिने सांगितले, ज्याला बोलायचे राहून गेले असेल त्याला बोला, पाखरांना काय कळतेय. हे मात्र बायकांना लगेच समजले. दुसऱ्या दिवशी गावात जो आवाज उठला, तो ऐकून गडीमाणसे भीतीने रानात निघून गेली, असे आप्पा सांगतात.

सुगी साधली. ठकूबाईचा घसा मात्र त्या महिन्यात बसला तो पुन्हा पहिल्यासारखा उघडला नाही. माळा मोडून लोकांनी त्याची लाकडे वाटून घेतली. ती पुढे बरीच वर्षे जगली आणि रोज सकाळी घोगऱ्या आवाजात सिदूला आणि पाखरांना बोलत राहिली. तिचा आवाज जेमतेम कुडापर्यंत पोचत असे. बायजा शेजारी सूप धरून उभी असे. तिला एवढ्या वर्षांत एक शब्द वावगा बोलता आला नव्हता. ठकूबाई तिच्यावरही वैतागे, की माझ्या मागे या घरचा दगड ओस पडणार.

ती गेली ती पौषातच. पहाटे गेली. जोंधळा दुधात होता. उजाडेपर्यंत गाव तिच्या अंगणात जमले. कुणीतरी आठवणीने घराघराच्या परसातल्या दगडांवर दाणे टाकून आले, पण बोलले कोणीच नाही. गावातले एवढे मोठे माणूस गेल्यावर तोंड कोण वाजवणार? पाखरे आली आणि छपरांवर बसून राहिली. दगडावर दाणे दिसत होते, तरी एक खाली उतरले नाही, असे सांगतात. बराच वेळ झाला. मग एक थवा उठला आणि शिवाराच्या दिशेने निघाला. त्याच्यामागे दुसरा. लोकांना ते दिसत होते. पाटील मान खाली घालून बसला. बायका एकमेकींकडे बघत होत्या. प्रेतापुढे आवाज चढवायचा कुणाला धीर होईना.

बायजा सासूच्या उशाशी बसली होती. ती उठली. कुणाला वाटले तिला भोवळ आली. ती घरातून परसात गेली, दगडापुढे उभी राहिली, आणि त्या मवाळ बाईचा आवाज साऱ्या गावाने पहिल्यांदा ऐकला.

"मुडद्यांनो, आत्याबाय गेली म्हून आता मिजास करताय व्हय? खाली उतरा. जन्मभर तिला छळलंसा, आता मला छळू नगासा. गिळा बिगीनं. मला आजून रडायचं हाय."

थवे वाटेतून फिरले. छपरांवरची पाखरे एकदम खाली आली. बायजा दाणे संपेपर्यंत तिथे उभी राहून बोलत राहिली, आणि दगड मोकळा झाल्यावर आत येऊन सासूच्या पायांवर कोसळली. तेव्हा कुठे गाव रडले.

आजही निंबखेड्यात पौषात कुणाच्या घरी माणूस गेले, तर लोक दारात येऊन गप्प बसतात आणि थांबतात. घरची बाई आधी परसात जाते, दगडावर दाणे टाकते, पाखरांना पोटभर बोलते. दगड रिकामा झाला की ती आत येते आणि मग रडायला बसते.